कोंबडी अशी का वागतेय? परसातल्या आजारी कोंबडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात चार-सहा कोंबड्या असल्या की कधी ना कधी एक सकाळ अशी उगवते, की सगळ्या दाणे टिपताहेत आणि एक मात्र कोपऱ्यात अंग फुगवून बसलीय. पुढे काय करायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. रोगांच्या नावांपेक्षा बघायचं काय आणि चाचपायचं काय यावर जास्त लिहिलंय, कारण नाव कळायच्या आधी करण्यासारखं बरंच असतं.

कोंबडी आजारी आहे हे नक्की कशावरून ओळखायचं?

कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात आणि शिकारी प्राणीही आधी तिलाच हेरतो, म्हणून शक्य असेल तोवर ती सगळ्यांसारखं वागायचं नाटक करते. आपल्याला "आज काहीतरी बिनसलंय" असं जाणवतं तेव्हा आजार सुरू होऊन बहुधा दोन-चार दिवस झालेले असतात. म्हणून "बघू उद्या" म्हणण्यात शहाणपण नाही.

पिसं फुगवून, मान अंगात ओढून, डोळे अर्धवट मिटून बसणं आणि शेपूट खाली पाडणं ही ओळखीची लक्षणं. त्याआधीची लक्षणं बारीक असतात. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर ती सगळ्यात शेवटी बाहेर येते. संध्याकाळी नेहमीच्या दांड्यावर न चढता खालीच बसते. दाणे टाकले की इतरांसोबत धावत येते, जमिनीवर टोचाही मारते, पण गिळत काहीच नाही. ही शेवटची फसवणूक भल्याभल्यांना कळत नाही. "काल तर खात होती हो" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी कोंबडीला टोचताना पाहिलेलं असतं, खाताना नाही.

विचित्र वागतेय, पण आजार नाही, असंही असू शकतं ना?

असू शकतं, आणि नव्याने कोंबड्या पाळणारे इथेच जास्त घाबरतात.

कोंबडी मातीत आडवी पडून पाय झाडतेय, अंगावर धूळ उडवतेय, मध्येच निपचित पडतेय, हे झटके नव्हेत. ती धूळस्नान करतेय. उन्हात एक पंख पसरून, मान टाकून, मेल्यासारखी पडली असेल तर ऊन खातेय. जवळ जा. टाणकन उठून रागाने बघेल.

अंड्यावर येत असलेल्या तलंगेकडे हात नेला की ती पंख किंचित पसरून जमिनीला चिकटते. पाय लुळे पडले असं वाटतं, पण कोंबड्यासाठी बसायची ती तिची रीत आहे आणि पहिलं अंडं जवळ आल्याची खूण.

खुडूक कोंबडी तर आजाऱ्यासारखीच दिसते. घरट्यातून उठत नाही, खात नाही, तुरा फिका पडतो, पोटाखालची पिसं गळतात. फरक स्वभावात कळतो. हात पुढे केलात की खुडूक कोंबडी फुगून गुरगुरते आणि चोच मारते. आजारी कोंबडीला एवढं त्राण नसतं. शिवाय खुडूक दिवसातून एकदा-दोनदा उठते, घाईघाईने खाऊन-पिऊन एक भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. अंडी उबायला २१ दिवस लागतात, पण खाली फळणारी अंडी नसतील तर ती त्याहून जास्त दिवसही हटून बसेल. अशा वेळी उठवणं भाग पडतं, नाहीतर वजन फार घटतं.

पिसं झडण्याचा काळ हाही असाच. साधारण वर्षातून एकदा, दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसं टाकते. नवी येईपर्यंत आठ ते बारा आठवडे जातात. या काळात अंडी बंद होतात, अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, कारण उगवणाऱ्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं आणि ते दुखतात. मात्र पिसं झडलेली कोंबडी खाते चांगली. खाणं सुटलं असेल तर दोष पिसांवर ढकलू नका.

पकडून तपासायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

अंधार पडल्यावर, ती दांड्यावर बसलेली असताना उचला. दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी धापा टाकते आणि तुम्हाला श्वासाबद्दल खरं काही कळत नाही. हाताला गरम लागली म्हणून ताप समजू नका. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं.

सगळ्यात आधी छातीचं हाड. पिसांमुळे कोंबडी गुबगुबीत दिसते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका, बोटांनी चाचपा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असायला हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल तर हा आजार कालचा नाही, आठवड्यांचा आहे.

मग गळ्याच्या तळाशी असलेली अन्नाची पिशवी, तिच्याबद्दल खाली सविस्तर आहेच. तुरा बघा: फिका असेल तर रक्त कमी झालंय किंवा नुसती अंडी बंद आहेत, निळा-जांभळा असेल तर रक्तात प्राणवायू पोचत नाही आणि ते गंभीर आहे. डोळ्यांत फेस, नाकपुड्यांत चिकटा, तोंड उघडून आत पिवळट पापुद्रे आहेत का. पायाचे तळवे उलटे करून बघा.

शेवटी शेपटीखाली. पिसं विष्ठेने माखली आहेत का? बाजूला सारून पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर ती उवांची अंडी. पोट एका हाताने अलगद तोला. अंडी घालणाऱ्या कोंबडीचं पोट मऊ असतं. ताणलेलं, पाण्याच्या फुग्यासारखं किंवा कणकेच्या गोळ्यासारखं लागलं तर आत बिघाड आहे.

घरी वजनकाटा असेल तर तब्येत चांगली असतानाच प्रत्येकीचं वजन लिहून ठेवा. पुढे आजारपणात याच आकड्याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

गळ्यापाशी फुगा आलाय. हा काय प्रकार?

बहुतेक वेळा काहीच नाही. ती अन्नाची पिशवी आहे. संध्याकाळी ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, भरलेली असायलाच हवी. रात्रभरात ती रिकामी होते. म्हणून तपासायची वेळ एकच: पहाटे, दाणापाणी मिळायच्या आधी.

पहाटेही भरलेली आणि घट्ट असेल तर आत काहीतरी अडकलंय. लांब गवताची पाती, पेंढा, सुतळी किंवा दोरा अशा गोष्टींचा गोळा होतो. दाणे बंद करा, पाणी ठेवा, चोचीच्या कडेला थोडं तेलाचं बोट लावा आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी हलक्या हाताने चोळा. एका दिवसात फरक पडला नाही तर डॉक्टर.

पहाटे भरलेली पण पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत अन्न आंबून बुरशी वाढलीय. कोंबडीला उलटी धरून ते पाणी काढण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. काढलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी तुमच्या हातातच मरते. बुरशीवरचं औषध डॉक्टर देतात.

आणखी एक. पिशवी तुंबणं हा पुष्कळदा मूळ आजार नसतोच. पुढे आतड्यात जंत आहेत, पोटात अंडं अडकलंय किंवा गाठ आहे, म्हणून मागे सगळं तुंबतं. चोळून मोकळी केलेली पिशवी पुन्हा पुन्हा भरत असेल तर खाली शोधा. याउलट, संध्याकाळी पिशवी सपाट लागली तर ती दिवसभर उपाशी आहे, मग ती कितीही टोचा मारताना दिसो.

विष्ठेवरून काय कळतं?

पुष्कळ कळतं, पण आधी चांगली विष्ठा कशी असते ते डोळ्यांना सवयीचं व्हायला हवं. तपकिरी-करडी गोळी आणि वर पांढरी टोपी, ही नेहमीची. पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. आठ-दहा वेळांतून एकदा मोहरीच्या किंवा चॉकलेटच्या रंगाची, चिकट, फार घाण वासाची विष्ठा पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतली असते आणि अगदी नॉर्मल असते. "जुलाब झालेत" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हिचा वाटा मोठा. उकाड्यात कोंबडी खूप पाणी पिते तेव्हा पातळ होणंही साहजिक.

गडद हिरवी आणि पांढरी, त्यात अन्नाचा अंश नाही, अशी दिसली तर बहुधा पोटात काही गेलेलं नाही आणि नुसतं पित्त बाहेर पडतंय. हिरवं गवत भरपूर खाल्लं तरी हिरवी पडते, म्हणून आधी पिशवी चाचपा.

रक्त दिसलं तर थांबू नका. पिल्लांमध्ये, विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या, ती बहुधा रक्ती हगवण असते. कारण एक सूक्ष्म परजीवी आणि त्याला पोसणारी ओली गादी, म्हणजे खुराड्यातलं अंथरूण. पिल्लं थंडी वाजल्यासारखी गोळा होऊन उभी राहतात आणि दोन दिवसांत मरू लागतात. यावर अँप्रोलियमसारखं पाण्यातून द्यायचं औषध असतं, आणि एक आजारी दिसलं तरी सगळ्यांना द्यावं लागतं. गादी कोरडी केली नाही तर रोग परत येतो. लालसर तुकडे अधूनमधून दिसणं आणि कोंबडी टवटवीत असणं, हे मात्र आतड्याचं अस्तर झडल्याने होतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

रात्री दांड्याखाली जुना कागद किंवा पुठ्ठा पसरा. कोण कुठे बसतं ते माहीत असेल तर कुणाची विष्ठा कशी हे सकाळी आपोआप कळतं.

पेंग्विनसारखी ताठ उभी राहतेय आणि शेपूट वर-खाली करतेय.

अंडं अडकल्याची शंका घ्या. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास कवच चढण्यात जातात. एवढं कॅल्शियम रोज खर्च होतं. ते कमी पडलं की कवच मऊ राहतं आणि अंडं ढकलणाऱ्या स्नायूंतही जोर उरत नाही. तलंगेचं पहिलं अंडं, फार मोठं अंडं, लठ्ठपणा ही बाकीची कारणं.

टबात पोट बुडेल इतकं, सोसवेल असं कोमट पाणी घेऊन १५-२० मिनिटं बसवा. मग कोरडी करून उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. अंड्याच्या वाटेला बाहेरून थोडं तेल लावा. कॅल्शियम द्या. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर टरफलाच्या धारेने जखमा होतात आणि जंतुसंसर्ग होतो. एका दिवसात अंडं बाहेर आलं नाही किंवा ती धापा टाकू लागली तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

तसंच उभं राहणं, पण पोट ताणलेलं आणि गेले काही आठवडे अंडी मऊ कवचाची किंवा बंदच, असं असेल तर बलक वाट चुकून पोटात सांडून सडत असण्याची शक्यता असते. भरपूर अंडी देणाऱ्या जातींच्या दोन-तीन वर्षांच्या कोंबड्यांत हे वरचेवर दिसतं. सुरुवातीला औषधांनी काहींना आराम पडतो. पुढच्या टप्प्यात फारसं हाती राहत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

लंगडतेय किंवा उभीच राहत नाही.

वय विचारात घ्या. मोठी, जड कोंबडी लंगडत असेल तर आधी तळवा बघा. मधोमध काळी खपली आणि भोवती सूज असेल तर दांड्यावरून कठीण जमिनीवर उड्या मारून झालेल्या जखमेत पू धरलाय. कोमट पाण्यात पाय शेकणं, जंतुनाशक, पट्टी आणि दांडा खाली आणणं, एवढ्याने सुरुवातीचा प्रकार बरा होतो. पायाच्या खवल्या उचललेल्या आणि खडबडीत असतील तर खाली माईट, म्हणजे अगदी बारीक परजीवी किडे आहेत. त्यांना व्हॅसलीनचा जाड थर दिला की त्यांचा श्वास कोंडतो. दर काही दिवसांनी, निदान तीन-चार आठवडे तरी लावत राहावं लागतं.

सहा आठवडे ते सहा-सात महिने या वयातली तलंग, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली, खायची इच्छा मात्र शाबूत, हे चित्र मॅरेक्स रोगाचं आहे. हा विषाणू आहे, उपचार नाहीत. लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यायची असते. नंतर देऊन उपयोग नाही.

शिंका, घरघर, डोळ्यांत फेस?

औषधाआधी खुराड्यात शिरा आणि कोंबडीच्या उंचीला डोकं नेऊन चार श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरताहेत. ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया श्वासनलिका सोलवटतो आणि मग कुठलाही जंतू आत शिरतो. गादी बदला, वारा खेळता करा.

डोळ्यांत बुडबुडे आणि सुजलेले गाल हे बहुधा मायकोप्लाझ्माचं काम. अँटीबायोटिकने लक्षणं जातात, जंतू जात नाही. अशी कोंबडी आयुष्यभर वाहक राहते आणि ताण पडला की पुन्हा शिंकू लागते. चेहऱ्याला सूज आणि नाकातून कुजका वास असेल तर तो वेगळा, फार झपाट्याने पसरणारा सर्दीचा रोग. तुऱ्यावर काळ्या खपल्या असतील तर देवी. त्या डासांमार्फत पसरतात, बाहेरच्या खपल्या तीन-चार आठवड्यांत आपोआप वाळतात, पण तोंडात पापुद्रे आले तर कोंबडी गुदमरू शकते.

मान वाकडी झालीय.

पहिली शंका मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, त्यातही सोबत हिरवी हगवण, धाप आणि कळपात इतर मृत्यू असतील तर. पण एकटीचीच मान वळली असेल आणि बाकी सगळ्या ठणठणीत असतील तर डोक्याला मार, कानातला संसर्ग किंवा ई आणि बी-१ जीवनसत्त्वांची कमतरता हेही बघावं लागतं. मान वळलेली नाही, उलट चिंधीसारखी लुळी पडलीय, तर आसपास कुजलेलं जनावर किंवा अळ्या पडलेला कचरा आहे का शोधा. ती विषबाधा असते.

सगळं तपासलं, काहीच सापडत नाही. तरी ती मलूल आणि फिकी.

टॉर्च घ्या आणि रात्री खुराड्यात जा. हे मी स्वतः चुकून शिकलोय. एका कोंबडीला तीन दिवस पोट बिघडलंय असं समजून वेगळं खाद्य देत बसलो होतो. दिवसा तिच्या अंगावर काहीही दिसत नव्हतं. रात्री दांड्याच्या खाचेवरून पांढरा कागद ओढला तर त्यावर रक्ताच्या रेघा. लाल माईट दिवसा लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पिऊन परत जातात. कोंबडीवर उपचार करून भागत नाही, खुराड्याच्या फटी साफ कराव्या लागतात आणि आठवड्याने पुन्हा कराव्या लागतात, कारण अंड्यांतून नवे बाहेर येतात. कोंबड्या संध्याकाळी आत जायला टाळाटाळ करत असतील तर हीच खूण समजा.

वेगळी ठेवायची का?

हो, लगेच. दोन कारणांसाठी: बाकीच्यांना लागण होऊ नये आणि बाकीच्यांनी तिला टोचू नये. शिवाय किती खाते, कशी शिटते हे तेव्हाच कळतं. जागा उबदार हवी, कारण आजारी पक्ष्याची बरीचशी शक्ती अंग गरम ठेवण्यातच जाते. संसर्गाची शंका नसेल तर तिला इतर दिसतील अशी जागा निवडा, नाहीतर परत सोडताना मारामारी होते. तिची भांडी वेगळी, आणि कामाचा क्रम आधी धडधाकट कोंबड्या, शेवटी ती. बाहेरून नवी कोंबडी आणली तर तिलाही निदान ३० दिवस अशीच वेगळी ठेवा.

पाणी खाण्यापेक्षा महत्त्वाचं. धडधाकट कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, घशात ओतू नका.

घरात उरलेलं अँटीबायोटिक देऊ का?

नको. जंत, माईट, विषाणू, बुरशी, अडकलेलं अंडं यांतल्या एकावरही त्याचा उपयोग होत नाही, आणि वर सांगितलेल्या यादीत बहुतेक कारणं तीच आहेत. बुरशी असेल तर ती उलट वाढते.

थेट डॉक्टरांना कधी गाठायचं?

तोंड उघडून श्वास घेत असेल आणि उकाडा नसेल, तुरा जांभळा पडला असेल, रक्त पडत असेल, अंड्याच्या वाटेतून लाल मांस बाहेर आलं असेल, किंवा २४ तास पोटात काही गेलं नसेल तर. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या पटापट मेल्या, डोकी सुजली, तर तो बर्ड फ्लू असू शकतो. मेलेल्यांना उघड्या हाताने हात लावू नका, कुणाला देऊ-विकू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

तिची अंडी खायची का?

आजाराचं कारण कळेपर्यंत नको. औषध चालू असेल तर ते अंड्यात उतरतं. औषध थांबल्यावरही किती दिवस अंडी टाकायची हे त्या त्या औषधावर ठरतं, ते लिहून घ्या. कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. वरून निरोगी दिसणारी कोंबडीसुद्धा साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू बाळगून असू शकते.

काल ठीक होती, आज मेलेली सापडली. आता काय?

बाकीच्यांसाठी कारण कळणं गरजेचं असेल तर शवविच्छेदन करून घ्या. देह दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थंड ठेवा, पण गोठवू नका, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही. २४ तासांच्या आत पोचवा. सोबत लिहून द्या: वय, शेवटचं अंडं कधी, खाद्य कोणतं, इतर किती जणी आहेत, आणि गेल्या महिन्याभरात कुठली नवी कोंबडी आली का.